प्रकल्प नोंदी: धातूविना चुंबक, दोन इलेक्ट्रॉनांपासून सुरुवात

३ जुलै २०२३

आजपासून या कामाची वेगळी वही. सरांनी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा विषय पक्का केला. धातूचा एकही अणू नसलेला, कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजन-ऑक्सिजन एवढ्यावरच उभा असलेला रेणू आखायचा, आणि त्यातल्या दोन एकट्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन (प्रत्येकाचे इवलेसे चुंबकत्व) एकाच दिशेला राहिले पाहिजेत. ग्राउंड स्टेट, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था, ट्रिपलेट (दोन्ही स्पिन समांतर) हवी, सिंगलेट (स्पिन विरुद्ध) नको. शिवाय तो रेणू बाटलीत टिकला पाहिजे. नुसता संगणकात छान दिसणारा रेणू चालणार नाही, कारण तो प्रयोगशाळेतली आमची ताई प्रत्यक्ष बनवणार आहे आणि तिचे सहा महिने त्यात जाणार आहेत.

अवघडपणा कुठे आहे ते मांडून ठेवते. सेंद्रिय रसायनशास्त्र इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांवर चालते. दोन एकटे इलेक्ट्रॉन जवळ आले की एक वर, एक खाली अशी जोडी जमवतात आणि बंध तयार होतो. जोडी जमली की चुंबकत्व संपले. म्हणून दोघांना बंध जमणार नाही इतके वेगळे ठेवायचे, पण एकमेकांची जाणीव राहील इतके जवळही ठेवायचे. दोन ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनांच्या वावराचे आकार) एकाच जागेत वावरणारी आणि तरीही परस्परांशी लंब असली, तर हुंडच्या नियमाने स्पिन समांतर होतात. लोखंडाच्या अणूत ही सोय निसर्गाने एकाच केंद्राभोवती करून दिली आहे. आपल्याला ती बेन्झिनच्या कड्यात करून घ्यायची आहे.

५ जुलै

सर म्हणाले, "संगणक लावायच्या आधी पेन्सिलीने किती कळतं ते बघ." दोन दिवस तेच केले आणि फार आनंद झाला.

रेणूतल्या कार्बनांवर एकाआड एक तारा काढायचा. तारेवाले आणि बिनतारेवाले मोजायचे. दोन्हींच्या संख्येत जितका फरक, तितके एकटे इलेक्ट्रॉन समांतर उभे राहतात. ओव्हचिनिकोव्हने १९७८ मध्ये हा नियम मांडला आणि लीबने १९८९ मध्ये हबर्ड मॉडेलसाठी (इलेक्ट्रॉनांच्या परस्पर-प्रतिकर्षणाचे सोपे गणिती चित्र) त्याची गणिती सिद्धता दिली.

पॅरा-झायलिलीन (दोन गट कड्यावर समोरासमोर): आठ कार्बन, ४ आणि ४. फरक शून्य, सिंगलेट. मेटा-झायलिलीन (दोन गट एक जागा सोडून): तेच आठ कार्बन, पण ५ आणि ३. फरक दोन, ट्रिपलेट. एकच गट एक घर सरकवला आणि चुंबकत्व बदलले! १९०४ मध्ये थीलेने पॅरा जोडणीचा हायड्रोकार्बन केला आणि १९१५ मध्ये श्लेंकने मेटा जोडणीचा. दोघांच्या हातात या नियमाची दोन टोके होती.

मग मेटा-झायलिलीनची दोन नॉन-बाँडिंग (बंधात भर न घालणारी, एकटे इलेक्ट्रॉन धरणारी) ऑर्बिटल हाताने काढली. नियम इतकाच की प्रत्येक बिनतारेवाल्या कार्बनच्या शेजाऱ्यांच्या सहगुणकांची (त्या त्या अणूवर ऑर्बिटल किती आहे त्या आकड्यांची) बेरीज शून्य यायला हवी. कड्यातले कार्बन १ ते ६, बाहेरचे दोन १ आणि ३ वर. पहिले उत्तर: कार्बन २ वर शून्य, बाहेरच्या दोन कार्बनांवर +½ आणि −½, ४ आणि ६ वर +½ आणि −½. दुसरे उत्तर: ४ आणि ६ वर शून्य, बाहेरच्या दोघांवर आणि कार्बन २ वर समान १/√३, फक्त कार्बन २ चे चिन्ह उलट. दोन्ही ऑर्बिटल बाहेरच्या दोन्ही कार्बनांवर हजर आहेत. म्हणजे दोन इलेक्ट्रॉन त्याच अणूंवर वावरतात आणि हुंडचा नियम जोरात लागतो. बोर्डन आणि डेव्हिडसन यांच्या भाषेत ही 'डिसजॉइंट नसलेली' जोडी. टेट्रामिथिलीनइथेनमध्ये दोन ऑर्बिटलांना सामाईक अणू सापडत नाही, तिथे हा जोर लागत नाही.

पायथनमध्ये दहा ओळींचा ह्युकेल (रेणूतल्या ऊर्जा-पातळ्या काढायची सोपी पद्धत) लिहिला आणि ट्रायमिथिलीनमिथेनवर तपासला. +√३, ०, ०, −√३ आले. बरोबर.

मोजणीवर डोळे मिटून विसंबायचे नाही याचे उदाहरणही टिपून ठेवते. १९७२ मध्ये क्लारने सुचवलेला ३८ कार्बनांचा पेल्याच्या आकाराचा हायड्रोकार्बन. त्यात १९ आणि १९ असे तारे पडतात, फरक शून्य, तरीही दोन नॉन-बाँडिंग ऑर्बिटल निघतात. कारण पेल्याच्या वरच्या भागात एका प्रकारचे कार्बन जास्त आहेत आणि खालच्या भागात दुसऱ्या प्रकारचे. स्वित्झर्लंडमध्ये तो सोन्याच्या पृष्ठभागावर बनवून त्यातले स्पिन विरुद्ध दिशेने जोडलेले असल्याचे मोजले गेले, जोडणीची ऊर्जा २३ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. मोजणी बरोबर होती, पण बेरजेच्या आत काय घडते ते बेरीज सांगत नाही.

११ जुलै

आज स्पिन कुठे ठेवायचा ते ठरले. उघडा कार्बन-रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन धरून बसलेला कार्बन) हवेत क्षणभर टिकत नाही, ऑक्सिजन त्याला गाठतो. गोम्बर्गने १९०० मध्ये मिशिगनला ट्रायफिनाइलमिथाइल पकडले ते तीन फिनाइल कड्यांच्या आडोशामुळे, आणि तेही हवेपासून जपावे लागते.

आमच्यापुढे टिकाऊ रॅडिकल-गटांचे तीन पर्याय होते: व्हर्डाझिल, नायट्रोनिल नायट्रॉक्साइड आणि टर्ट-ब्युटाइल नायट्रॉक्साइड. नायट्रॉक्साइड म्हणजे नायट्रोजन-ऑक्सिजन जोडीवर एकटा इलेक्ट्रॉन. नायट्रोनिल नायट्रॉक्साइड सगळ्यात गुणी, महिनोन्‌महिने टिकतो. आयआयटी मुंबईत एस. एन. दत्ता आणि एहसान अली यांनी २००६ मध्ये अशा जोड-रॅडिकलांवर काम केले आहे: मधल्या जोडसाखळीची लांबी आणि अॅरोमॅटिसिटी बदलली की स्पिनची जोडणी कशी बदलते. ते निबंध मी दोनदा वाचले, आमची पद्धतही तीच असणार आहे. पण नायट्रोनिल नायट्रॉक्साइडात एक उणीव आहे. ज्या कार्बनने तो कड्याला जोडला जातो, नेमक्या त्याच कार्बनवर एकट्या इलेक्ट्रॉनच्या ऑर्बिटलचा नोड (शून्य) पडतो. स्पिन कड्यात थेट उतरत नाही, ध्रुवीकरणाने थोडासा पाझरतो. म्हणून जोडणी दुबळी.

टर्ट-ब्युटाइल नायट्रॉक्साइडात नायट्रोजन थेट कड्याला चिकटतो आणि त्याच्यावर स्पिन भरपूर असतो. जोडणी चांगलीच दणकट मिळेल. पण स्पिन कड्यात उतरतो म्हणजे कड्याच्या ऑर्थो (लगतच्या) आणि पॅरा जागाही रॅडिकलसारख्या वागू लागतात. दोन रेणू भेटले की एकाचा ऑक्सिजन दुसऱ्याच्या पॅरा जागेवर हल्ला करतो आणि शेवटी क्विनोन-इमीन-एन-ऑक्साइड उरते.

जितकी चांगली जोडणी तितके कमी आयुष्य. या प्रकल्पाचा खरा पेच हाच आहे असे मला वाटते.

१८ जुलै

ओर्कावर, म्हणजे रेणूंची क्वांटम गणिते करणाऱ्या प्रणालीवर, पहिली गणिते. शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे, आमच्या सोळा कोअरच्या मशीनवर नीट चालते. फंक्शनल (ऊर्जा काढायचे सूत्र) बी-थ्री-एलवायपी, बेसिस सेट (ऑर्बिटल मांडायचा संच) मध्यम.

पद्धत अशी. ट्रिपलेटचे गणित सरळ असते. सिंगलेट डायरॅडिकल एका स्लेटर डिटर्मिनंटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या एकाच मांडणीत, बसत नाही, म्हणून 'ब्रोकन सिमेट्री' अवस्था काढायची: डाव्या नायट्रॉक्साइडवर वरचा स्पिन, उजव्यावर खालचा. ही खरी सिंगलेट नाही, सिंगलेट आणि ट्रिपलेट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण आहे. म्हणून तिचा एस-वर्ग (एकूण स्पिन मोजणारा आकडा) १ च्या आसपास यायला हवा, ट्रिपलेटचा २ च्या आसपास. यामागुचीचे सूत्र: दोन ऊर्जांचा फरक भागिले दोन एस-वर्गांचा फरक, त्यातून 'जे' (स्पिनांच्या जोडणीचा जोर) मिळतो. जे धन असला की स्पिन समांतर.

सकाळी जे अशक्य वाटावा इतका प्रचंड धन आला. घाबरले. नंतर पाहिले तर ब्रोकन सिमेट्री अवस्थेचा एस-वर्ग ० होता. गणित निसटून बंद कवचाच्या सिंगलेटमध्ये जाऊन बसले होते, म्हणजे मी ज्या अवस्थेला नाव दिले होते ती अवस्था तिथे नव्हतीच. उपाय: आधी ट्रिपलेट पूर्ण सोडवायची, मग तिच्याच ऑर्बिटलांवरून एका नायट्रॉक्साइडचा स्पिन उलटवून पुढे जायचे. तसे केल्यावर एस-वर्ग १ च्या जवळ आला आणि जे धन, पण माफक.

यापुढे एस-वर्ग वाचल्याशिवाय जे लिहायचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले.

२१ जुलै

एककांची नोंद. हार्ट्री आणि प्रति सेंटीमीटर ही दोन्ही इथे ऊर्जेची एकके. ०.०००१ हार्ट्री म्हणजे सुमारे २२ प्रति सेंटीमीटर. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा साधारण २०७ प्रति सेंटीमीटर, म्हणजे ०.००१ हार्ट्रीपेक्षाही कमी. रेणूची एकूण ऊर्जा शेकडो हार्ट्री असते आणि आपल्याला हवे ते उत्तर चौथ्या दशांश स्थळावर बसलेले असते. एससीएफची (गणिताच्या फेऱ्या कधी थांबवायच्या त्याची) मर्यादा कडक केली. रात्री वीज गेली, दोन गणिते पुन्हा लावली.

२ ऑगस्ट

आखणी क्रमांक २. नायट्रॉक्साइड १ आणि ३ वर. हल्ला होणाऱ्या जागा ४ आणि ६: जागा ४ ही १ च्या पॅरा आणि ३ च्या ऑर्थो, जागा ६ ही ३ च्या पॅरा आणि १ च्या ऑर्थो. दोन्ही दारे बंद करायची तर तिथे मेथॉक्सी गट ठेवावेत. ताऱ्यांची मोजणी बदलत नाही, मेटा जोडणी तशीच राहते. ताईला दाखवले, ती म्हणाली कच्चा माल सहज मिळेल. संध्याकाळी ऑप्टिमायझेशन लावून घरी गेले. मनात जवळजवळ प्रबंधाचे प्रकरण लिहून झाले होते.

३ ऑगस्ट

जे ऋण. एस-वर्ग दोन्ही बरोबर.

४ ऑगस्ट

दिवसभर चूक शोधली. बेसिस बदलला, ग्रिड बारीक केली, दुसरे फंक्शनल लावले. आकडे हलले, चिन्ह हलले नाही. मेटा जोडणी, ५ विरुद्ध ३ अशी मोजणी, आणि तरीही सिंगलेट.

संध्याकाळी ऑप्टिमाइझ झालेली रचना फिरवून पाहिली तेव्हा दिसले. मेथॉक्सी गट नायट्रॉक्साइडच्या अगदी शेजारी बसले आहेत, आणि नायट्रॉक्साइडला स्वतःचा अवजड टर्ट-ब्युटाइल गट आहेच. जागा पुरत नाही म्हणून अख्खे नायट्रॉक्साइड कड्याच्या प्रतलातून वळून जवळजवळ उभे राहिले आहे. कालपासून मी कागदावरच्या सपाट रेणूकडे बघत होते.

७ ऑगस्ट

वळणाचे स्कॅन. साधा रेणू घेतला, मेथॉक्सी काढून टाकले, दोन्ही नायट्रॉक्साइडांचा कोन हाताने बांधून ० पासून ९० अंशांपर्यंत पंधरा-पंधराने वाढवला.

लहान कोनांना जे धन आणि मोठा. कोन वाढला तसा उतरत गेला, आणि मोठ्या कोनांवर शून्य ओलांडून ऋण झाला. मेथॉक्सीचा दोष नव्हता, नुसत्या वळणाने चिन्ह उलटते.

कारण असे समजले. कड्यातून जाणारा समांतर करणारा परिणाम 'पाय' इलेक्ट्रॉनांच्या (कड्याच्या प्रतलाच्या वर-खाली वावरणाऱ्या) ध्रुवीकरणातून येतो, आणि कड्यात उतरणारी पाय स्पिन-घनता कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने घटते. ६० अंशांना एका टोकाला ¼ उरते. दोन टोके आहेत, म्हणून ¼ गुणिले ¼, म्हणजे सोळावा हिस्सा. दुसरीकडे, उभे राहिलेल्या नायट्रॉक्साइडचे ऑर्बिटल आता कड्याच्या सिग्मा (प्रतलातल्या) बंधांकडे तोंड करते. त्या वाटेने दोन इलेक्ट्रॉनांची थोडी थेट भेट होऊ लागते, आणि भेट झाली की ते जोडी जमवू पाहतात. जोरदार परिणाम सोळाव्या हिश्शावर आल्यावर ही एरवी न दिसणारी वाट वरचढ ठरते.

ताऱ्यांचा नियम चुकला असे म्हणता येणार नाही. तो पाय इलेक्ट्रॉनांच्या सपाट जाळ्यासाठी आहे. मी तो न सांगितलेल्या ठिकाणी लावला.

८ ऑगस्ट

शोधता शोधता १९९३ चा निबंध हाती लागला. जपानमध्ये इवामुरा आणि सहकाऱ्यांनी ४,६-डायमेथॉक्सी-१,३-फेनिलीनबिस(टर्ट-ब्युटाइल नायट्रॉक्साइड) प्रत्यक्ष बनवला, त्याचे स्फटिक मोजले, आणि ग्राउंड स्टेट सिंगलेट निघाली. तीव्र वळणामुळे. माझी आखणी क्रमांक २ जशीच्या तशी, तीस वर्षांपूर्वी, बाटलीत.

प्रथम वाईट वाटले. मग सरांशी बोलले. सर म्हणाले, "अगं, तुझं गणित प्रयोगाशी जुळलं, चिन्हासकट. पद्धतीची याहून चांगली परीक्षा कुठली मिळणार होती?" खरे आहे. उत्तर माहीत नसताना काढलेला ऋण जे हाच पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा आधार. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली: वाङ्‌मय शोधताना मी 'ट्रिपलेट' हाच शब्द घालत होते. फसलेली उदाहरणे त्या शब्दाखाली सापडत नाहीत.

१६ ऑगस्ट

ताईबरोबर दोन तास फळ्यासमोर. पेच पुन्हा मांडला: ४ आणि ६ या जागा झाकायच्या आहेत, पण तिथे काही ठेवले की शेजारचे नायट्रॉक्साइड वळते.

ताई म्हणाली, "तिथे ठेवायचं कशाला? मध्ये ५ वर टर्ट-ब्युटाइल बसव. घराच्या दारात कुलूप नको, अंगणात झाड लाव."

जागा ५ दोन्ही नायट्रॉक्साइडांच्या मेटाला आहे. तिथे कोणाचीही अडचण होत नाही, त्यामुळे वळण वाढत नाही. आणि त्या गटाचे तीन मिथाइल दोन्ही बाजूंना, ४ आणि ६ च्या वर, पसरलेले राहतात. शिवाय जागा ५ ला तारा नाही, म्हणजे दोन्ही नॉन-बाँडिंग ऑर्बिटलांचा तिथे सहगुणक शून्य. जोडणीला धक्का लागण्याचे कारण नाही. पाच जुलैला हाताने काढलेल्या सहगुणकांचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

असे गट वापरण्याची रीत या क्षेत्रात जुनीच आहे, ताईला ती हाताच्या सवयीने ठाऊक होती. मी संगणकात सहा आठवडे फिरून तिच्या फळ्यापाशी आले.

३० ऑगस्ट

आखणी क्रमांक ५ चे निकाल. जे धन, वळण साध्या रेणूइतकेच, म्हणजे थोडे आहेच पण झेपणारे. सिंगलेट-ट्रिपलेट अंतर खोलीच्या तापमानाच्या ऊर्जेपेक्षा मोठे येते.

आकड्याबद्दल सावधपणा: या फंक्शनलने ब्रोकन सिमेट्रीतून काढलेला जे सहसा फुगीर येतो. म्हणून प्रबंधात मी चिन्ह आणि रेणू-रेणूंमधला क्रम यांवर बोलेन, सुट्या आकड्यावर नाही.

१४ सप्टेंबर

काम आता ताईच्या बाकावर. मी मदतनीस.

सुरुवात १,३-डायब्रोमो-५-टर्ट-ब्युटाइलबेन्झिनपासून. उणे ७८ अंशांवर ब्युटाइललिथियमने ब्रोमीनच्या जागी लिथियम आणायचे, मग त्यावर २-मिथाइल-२-नायट्रोसोप्रोपेन टाकायचे. हे नायट्रोसो संयुग बाटलीत पांढरे स्फटिक असते, कारण दोन-दोन रेणू जोडून बसलेले असतात. विद्रावकात टाकले की जोड्या सुटतात आणि द्रावण आकाशी निळे होते. जोडी सुटण्याचा रंग डोळ्यांनी बघितला.

आणखी एक गोष्ट आजवर लक्षात आली नव्हती. टीएचएफ हे विद्रावक कोरडे झाल्याची खूण म्हणून सोडियम-बेन्झोफिनोनच्या भांड्यात जो गडद निळा रंग येतो, तो किटिल रॅडिकलचा असतो. चार वर्षे रोज एका रॅडिकलशेजारून जात होते.

१० ऑक्टोबर

पहिली खेप वाया गेली. पावसाळा लांबलेला, हवेतली ओल कुठून तरी आत शिरली, लिथियमऐवजी हायड्रोजन येऊन बसला. दुसऱ्या खेपेला सगळी काचभांडी रात्रभर ओव्हनमध्ये. एकेक ब्रोमीन वेगळ्या पायरीत बदलले, मधल्या हायड्रॉक्सिलअमीनला सिलिल गटाचे संरक्षण दिले. ताईचा संयम बघून मला माझ्या "गणित पुन्हा लावले" या नोंदी फार हलक्या वाटल्या.

३० ऑक्टोबर

आज रॅडिकल झाले. संरक्षण काढले, बिनरंगाच्या द्रावणात ताजे सिल्व्हर ऑक्साइड घालून ढवळले, काही मिनिटांत नारिंगी-लाल. गाळले, थंडीत ठेवले.

ईपीआर (एकट्या इलेक्ट्रॉनांचा चुंबकीय क्षेत्रातला वर्णपट) लगेच घेतला. खोलीच्या तापमानाला, विरळ टोल्युइन द्रावणात पाच रेषा, उंची साधारण १:२:३:२:१. रेषांमधले अंतर एकट्या नायट्रॉक्साइडच्या निम्मे. हा निम्मेपणाच महत्त्वाचा. प्रत्येक इलेक्ट्रॉन फक्त आपापला नायट्रोजन ओळखत असता तर तीन रेषा पूर्ण अंतरावर आल्या असत्या. इथे दोघे मिळून दोन्ही नायट्रोजन ओळखतात, म्हणजे जोडणी नायट्रोजनशी असलेल्या त्यांच्या नात्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे. पण जे धन की ऋण हे या चित्रातून कळत नाही. तसे मी ताईला सांगितले, तिने मान हलवली आणि तरीही पेढे आणले.

६ नोव्हेंबर

द्रावण काचेसारखे गोठवून मोजले. मुख्य क्षेत्रात द्विध्रुवी विभाजनाचे खांदे, आणि अर्ध्या क्षेत्रापाशी, जी-मूल्य ४ च्या आसपास, लहानशी पण स्वच्छ रेषा. ही निषिद्ध उडी फक्त ट्रिपलेटमध्ये दिसते, एकट्या अशुद्ध मोनोरॅडिकलला ती देता येत नाही.

तापमान उतरवत गेलो तशी रेषेची उंची क्युरीच्या नियमाने (तापमानाच्या व्यस्त प्रमाणात) वाढत गेली. ट्रिपलेट वर आणि सिंगलेट खाली असती तर थंडीत रेषा विझत गेली असती. मात्र सिंगलेट आणि ट्रिपलेट जवळजवळ एकाच पातळीवर असतील तरीही आलेख असाच सरळ येतो. म्हणून चुंबकीय मोजणी हवीच.

२२ नोव्हेंबर

घन नमुना स्क्विडसाठी (चुंबकत्व मोजणारे संवेदनशील यंत्र) तयार केला. दुसऱ्या संस्थेत यंत्रावर वेळ मिळाला आहे.

या टप्प्यावर मी कोणालाही घाई करू देणार नाही. २००१ मध्ये नेचरमध्ये एक मोठी बातमी आली होती: दाबाखाली जोडलेल्या सी-साठ कार्बनमध्ये खोलीच्या तापमानाला चुंबकत्व. २००६ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला, नमुन्यात लोखंडाची भेसळ निघाली. स्टीलच्या चमच्याचा एक कण पुरतो. म्हणून प्लॅस्टिकचे चिमटे, प्लॅस्टिकचा चमचा, गाळणी नवी, आणि शेवटच्या पायऱ्यांत चुंबकी ढवळणी वापरली नाही. रिकामी कॅप्सूल वेगळी मोजायची, रेणूतल्या जोडीदार इलेक्ट्रॉनांचे डायमॅग्नेटिक योगदान पास्कलच्या स्थिरांकांनी वजा करायचे.

अपेक्षा आधीच लिहून ठेवते, म्हणजे निकाल आल्यावर मन वळणार नाही. 'काय-टी' (चुंबकीय ग्राह्यता गुणिले तापमान), घन सेंटीमीटर-केल्विन प्रति मोलमध्ये: दोन सुटे इलेक्ट्रॉन असतील तर ०.७५, पूर्ण ट्रिपलेट असेल तर १.००, सिंगलेट असेल तर थंडीत शून्याकडे.

५ डिसेंबर

आलेख आला. खोलीच्या तापमानाला काय-टी ०.७५ च्या बराच वर, १.०० च्या किंचित खाली. थंड करत गेल्यावर हळूहळू १.०० कडे चढतो आणि तिथे लांबवर सपाट राहतो. ट्रिपलेट. ताईने आलेखावर बोट ठेवून विचारले, "म्हणजे ५ वरचं झाड चाललं?" चालले.

अगदी खाली, द्रव हेलियमच्या तापमानाजवळ, रेषा खाली वाकते. तिथे रेणूच्या आतले काही बिघडलेले नाही, शेजारचे रेणू एकमेकांशी बोलू लागले आहेत, आणि ते उलट दिशेने बोलत आहेत. एका रेणूच्या ऑक्सिजनवरचा मोठा स्पिन दुसऱ्याच्या तशाच मोठ्या स्पिनसमोर आला की जोडी जमते. मॅककॉनेलने १९६३ मध्येच सांगून ठेवले आहे की एका रेणूची धन स्पिन-घनता शेजाऱ्याच्या ऋण घनतेसमोर आली पाहिजे, तर स्फटिक समांतर होतो.

म्हणून नोंद स्पष्ट करते: आमच्याकडे ट्रिपलेट रेणू आहे, चुंबक नाही. सगळ्या स्फटिकाने एक दिशा धरणे ही वेगळी पायरी. १९९१ मध्ये जपानमध्ये पॅरा-नायट्रोफिनाइल नायट्रोनिल नायट्रॉक्साइडच्या बीटा रूपाने ती गाठली, ०.६ केल्विनला. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या गटाने अॅडमँटेनच्या पिंजऱ्यातल्या डायनायट्रॉक्साइडने १.४८ केल्विनला. त्यांनीही आधी रेणू नीट केला आणि मग स्फटिकाची रचना जुळून आली.

सरांना विचारले, आता रचना आखायची कशी? कड्यावर हायड्रोजन-बंध करणारा एखादा गट ठेवून ऑक्सिजनला ऑक्सिजनपासून दूर ढकलता येईल का? जागा ५ वरच्या टर्ट-ब्युटाइलच्या ऐवजी दुसरे काही, जे झाकेलही आणि शेजाऱ्याला बाजूने धरेलही. सरांनी फळा पुसून खडू माझ्या हातात दिला.

ताईने उरलेल्या नमुन्याचे तीन लहान कुप्यांत स्फटिक लावले आहेत: एकात हेक्सेन, एकात हेक्सेन-ईथर, एकात पेंटेन, फ्रीजच्या मागच्या कप्प्यात. एका कुपीच्या काचेवर आज सकाळी लालसर सुया धरलेल्या दिसल्या. एक्स-रेसाठी अजून बारीक आहेत. सोमवारपर्यंत हलवायच्या नाहीत, फ्रीजच्या दारावर चिठ्ठी लावली आहे.